चटई, गोधडी आणि ते ३० टक्के

गेल्या महिन्यात नुकतीच एम.एस्सी. झालेला एक ज्युनियर माझ्या टेबलापाशी आला. पीएचडीच्या मुलाखतीसाठी संशोधनाचा आराखडा तयार करत होता. म्हणाला, "ताई, विषय ठरला. विणलेलं ग्लास फायबरचं कापड आणि नॉन-क्रिम्प कापड यांची तुलना. सात पेपर वाचले. सगळ्यांत नॉन-क्रिम्पच भारी निघालंय."

मी विचारलं, "सातही जणांचं उत्तर एकच असेल, तर आठवा पेपर तू कशाला लिहितोस?"

तो गप्प बसला. मग मीही गप्प बसले. कारण तीन वर्षांपूर्वी तो आठवा पेपर लिहायला मीच निघाले होते.

म्हणून आज दोन गोष्टींची समीक्षा करायची आहे. एक म्हणजे "विणलेलं विरुद्ध नॉन-क्रिम्प" हा पेपरांचा अख्खा प्रकार. असे पेपर तुम्ही वाचले असतील, नसतील तर वाचाल. दुसरा आहे १९९७ सालचा एक जाडजूड, दिसायला अगदी रुक्ष असा रिपोर्ट. माझ्या मते या विषयात उतरणाऱ्या प्रत्येकाने सर्वेक्षण लेखांच्या आधी तो वाचावा. पण तोही डोळे मिटून वाचू नये.

आधी कापड समजून घेऊ.

विणलेलं कापड म्हणजे चटई. एक पट्टी वर, एक खाली. प्रत्येक धागा दुसऱ्यावरून चढतो आणि उतरतो, म्हणजे तो सरळ राहत नाही, नागमोडी होतो. या नागमोडीलाच क्रिम्प म्हणतात. नॉन-क्रिम्प कापड म्हणजे गोधडी. आजी जुनी लुगडी एकावर एक अंथरते आणि सगळ्या थरांतून टाके घालते. थर एकमेकांत विणलेले नसतात, टाक्यांनी धरून ठेवलेले असतात. इथेही तसंच. काचेच्या तंतूंचे जुडगे एका दिशेने सरळ अंथरायचे, त्यावर दुसऱ्या दिशेचा थर, हवा तर तिसरा, आणि मग बारीक पॉलिएस्टर धाग्याने सगळं शिवून टाकायचं. थर एकाच दिशेचा असेल तर युनिडिरेक्शनल. अधिक-उणे ४५ अंशांचे दोन थर असतील तर बायअ‍ॅक्सियल. त्यात शून्य अंशाचा थर घातला की ट्रायअ‍ॅक्सियल, आणि ९० अंशांचाही घातला की क्वाड्रिअ‍ॅक्सियल.

पवनचक्कीचं पातं हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. पात्याच्या लांबीभर जाणारी, वाकणं सोसणारी पट्टी युनिडिरेक्शनल कापडाची असते. तिला स्पार कॅप म्हणतात. आतल्या उभ्या भिंती आणि बाहेरचं कवच पीळ आणि कातर सोसतात, म्हणून तिथे अधिक-उणे ४५ चं बायअ‍ॅक्सियल. मधे बाल्सा लाकूड किंवा फोम. मुळाशी सगळीकडून भार येतो, तिथे ट्रायअ‍ॅक्सियलचे थरावर थर.

एवढा खटाटोप का? कारण काच मुळात फार ताठ नाही. ई-ग्लासच्या तंतूचा यंग मापांक ७२ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे साधारण अ‍ॅल्युमिनियमएवढाच. त्यात निम्मं रेझिन मिसळलं की तंतूंच्या दिशेनेसुद्धा जेमतेम ४० उरतो. आता लॅमिनेट सिद्धांताचं साधं सूत्र घ्या. तंतूंच्या दिशेने ४०, आडव्या दिशेने १०, कातर मापांक ४ गिगापास्कल आणि पॉसों गुणोत्तर ०.२८ धरा. भार तंतूंपासून ५ अंश कलला की मापांक ३८ वर येतो. १० अंश कलला की ३३. ३० अंशांवर साडेपंधरा आणि ४५ अंशांवर ११. हेच तंतू सगळ्या दिशांना सारखे वाटले तर २१ च्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मं. हे गणित आज रात्री वहीत स्वतः करून बघा. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसेल: ग्लास फायबरच्या रचनेचा हलकेपणा तंतूइतकाच दिशेतून येतो. दिशा चुकली की वजन वाढवावं लागतं.

इथपर्यंत सगळे पेपर बरोबर असतात. प्रस्तावना सगळ्यांची सारखीच असते: विणलेल्या कापडात क्रिम्प असतो, त्यामुळे ताकद कमी होते, नॉन-क्रिम्पमध्ये तंतू सरळ असतात, म्हणून ताकद जास्त. मग प्रयोग, मग स्तंभालेख, मग "३० टक्के सुधारणा".

माझेही ३० टक्केच आले होते.

झालं असं. एका बाजूला ६०० ग्रॅमचं वोव्हन रोव्हिंग, दुसऱ्या बाजूला शून्य आणि ९० अंशांचं ६०० ग्रॅमचं शिवलेलं कापड. दोन्हींचे चार-चार थर, एकच इपॉक्सी, व्हॅक्यूम इन्फ्युजन, २५ मिलिमीटर रुंदीचे तुकडे, प्रत्येकी पाच. सगळं प्रमाणित पद्धतीने. आकडे इथे समजायला सोपे म्हणून गोल करून देते. विणलेलं ३५७ मेगापास्कलला तुटलं, शिवलेलं ४६३ ला. सरळ ३० टक्के. ग्रुप मीटिंगमध्ये मी मोठ्या ऐटीत स्लाइड लावली.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "जाडी किती आली?"

विणलेल्याची २.३५ मिलिमीटर, शिवलेल्याची १.९. थर सारखे, काच सारखी, पण चटईच्या उंचसखल पोकळ्यांत रेझिन जास्त बसलं होतं, म्हणून पत्रा जाड झाला.

आता तुम्हीच हिशेब करा. तंतूंचं आकारमान-प्रमाण काढायला दर चौरस मीटरला असलेलं काचेचं वजन घ्या आणि त्याला घनता गुणिले जाडीने भागा. काच २,४०० ग्रॅम, घनता दर घनसेंटिमीटरला २.५५ ग्रॅम. विणलेल्यात प्रमाण येतं ४० टक्के, शिवलेल्यात साडेएकोणपन्नास. म्हणजे मी दोन कापडांची तुलना केलीच नव्हती. कमी काचेच्या पत्र्याची जास्त काचेच्या पत्र्याशी केली होती. मग मशीनवरचा मूळ भार बघा. विणलेलं २१ किलोन्यूटनला तुटलं होतं, शिवलेलं २२ ला. भार भागिले रुंदी, एवढंच बघितलं तर दोन्हीकडे काच तेवढीच आहे, आणि फरक उरतो पाच टक्के. माझ्या पाच-पाच तुकड्यांतला विखुरलेपणाच जवळपास तेवढा होता.

तीसचे पाच झाले. बाकीचे पंचवीस जाडीचे होते.

तुम्ही म्हणाल, पण पातळ पत्रा हाही फायदाच ना? आहे. शिवलेलं कापड दाट बसतं, रेझिन कमी खातं, वजन कमी होतं, हे सगळं खरं आणि मोलाचं आहे. पण मग वाक्य तसं लिहावं लागतं. "क्रिम्प नसल्यामुळे ताकद ३० टक्के वाढली" आणि "दाट बसल्यामुळे त्याच भाराला पत्रा पातळ झाला" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं तंतूच्या सरळपणाबद्दल आहे, दुसरं भरावाबद्दल. माझ्या स्लाइडवर पहिलं होतं, डेटा दुसऱ्याचा होता.

म्हणून या प्रकारच्या पेपरांवर माझा पहिला आक्षेप हाच. जाडी आणि तंतू-प्रमाण तक्त्यात नसेल, तर मेगापास्कलच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मफल फर्नेसमध्ये तुकडा जाळून काच तोलायला एक दुपार पुरते. (एक सूचना: शिवणीचा पॉलिएस्टर धागाही जळून जातो आणि हिशेबात तो रेझिन म्हणून धरला जातो. फरक लहान असतो, पण नोंद करा.)

दुसरा आक्षेप अधिक-उणे ४५ च्या तुकड्यांबद्दल. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत ४५ अंशांचा तंतू एका कडेपासून निघतो आणि लांबीच्या दिशेने २५ मिलिमीटर जाईपर्यंत दुसऱ्या कडेला संपतो. दोन्ही जबड्यांमध्ये पकडलेला एकही तंतू त्या पट्टीत नसतो! अशी पट्टी ओढली की मुख्यतः रेझिन, तंतू-रेझिनचा जोड आणि कातर यांची परीक्षा होते. कातर मोजायची म्हणूनच ही चाचणी प्रमाणित आहे, एएसटीएम डी३५१८ तिच्यासाठीच आहे. पण तिचा आकडा "बायअ‍ॅक्सियल कापडाची ताणशक्ती" म्हणून शून्य-नव्वदच्या स्तंभाशेजारी उभा करायचा आणि "बायअ‍ॅक्सियल कमकुवत आढळले" असा निष्कर्ष काढायचा, हे म्हणजे पोहणाऱ्याला झाडावर चढायला लावून नापास करण्यासारखं आहे. ते कापड त्या कामाचं नाहीच.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा. बहुतेक पेपर एकदा ओढून तोडतात आणि थांबतात. पण पातं काय, होडी काय, पूल काय, एका ओढीने सहसा तुटत नाही. झिजून तुटतात. आणि झिजण्याच्या बाबतीत गोधडीची कथा इतकी सरळ नाही.

इथे तो रिपोर्ट येतो.

अमेरिकेतल्या मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॉन मँडेल आणि डॅनियल सॅम्बोर्स्की यांनी सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजसाठी तो लिहिला. क्रमांक सँड९७-३००२. पवनचक्कीच्या पात्यांना लागणाऱ्या ग्लास फायबरवर सात वर्षं केलेल्या थकवा-चाचण्यांचं ते विश्लेषण आहे. ११० हून जास्त प्रकारचे लॅमिनेट, ४,१०० हून जास्त नोंदी. इंटरनेटवर फुकट मिळतो.

त्याचं मोठेपण आकड्यांच्या ढिगात नाही, तो ढीग कसा मांडलाय यात आहे. कापडाची रचना, तंतूंचं प्रमाण, भाराच्या दिशेतल्या तंतूंचा वाटा, रेझिन, आणि भार ओढणारा की दाबणारा, हे सगळे घटक वेगवेगळे धरून पाहिलेत. आपण वर ज्यात फसलो, नेमकं तेच त्यांनी सोडवून ठेवलंय.

एक उदाहरण घ्या. त्यात ए१३० आणि डी१५५ अशी दोन युनिडिरेक्शनल कापडं पुन्हा पुन्हा येतात. डी१५५ शिवलेलं. ए१३० मध्ये जुडगे एका आडव्या धाग्यावरून वर-खाली जातात, म्हणजे थोडी चटईच. ओढताना दोन्ही चांगली. पण दाबलं की ए१३० बरंच आधी हार मानतं, कारण आधीच वाकलेला तंतू दाबाखाली आणखी वाकतो. क्रिम्पचं खरं नुकसान असं दाबात उघडं पडतं. आपले पेपर मात्र ते ताणात शोधत बसतात.

दुसरं उदाहरण, आणि याने मला खरंच हलवलं. थकव्याच्या आलेखात फेऱ्यांची संख्या दहापट झाली की ताकद किती उतरते, हा उतार बघतात. चांगल्या लॅमिनेटमध्ये तो मूळ ताकदीच्या १० टक्के असतो, वाईटात १४ टक्के. वाटतं, चार टक्क्यांनी काय होतंय? दहा लाख फेरे म्हणजे सहा वेळा दहापट. चांगल्याची उरलेली ताकद १०० वजा ६०, म्हणजे ४० टक्के. वाईटाची १०० वजा ८४, म्हणजे १६ टक्के. अडीच पट फरक! ६०० मेगापास्कलच्या दोन लॅमिनेटपैकी एकाला २४० चा भार देता येईल, दुसऱ्याला ९६ चा. एकदा ओढून तोडलं असतं तर दोन्ही सारखीच दिसली असती.

आणि चांगल्याकडून वाईटाकडे ढकलणारं काय होतं? काही रचनांमध्ये तंतूंचं वाढतं प्रमाणच. जे मी माझ्या स्लाइडवर सुधारणा म्हणून मिरवत होते, तेच. शिवण जुडग्यांना घट्ट आवळते, पत्रा दाट झाला की शेजारचे जुडगे एकमेकांना टेकतात, आणि आडव्या-तिरक्या जुडग्यात पडलेली भेग रेझिनमध्ये न विरता थेट भार वाहणाऱ्या तंतूपर्यंत पोहोचते. मोकळीक उरली नाही की भेग पसरते.

आता या रिपोर्टचीही झाडाझडती घेऊ. थोर आहे म्हणून सुटका नाही.

एक, तो वाचकाला अजिबात मदत करत नाही. सगळ्या लॅमिनेटना सांकेतिक नावं. तक्त्यातून मजकुरात आणि मजकुरातून तक्त्यात उड्या माराव्या लागतात. मी पहिल्या वेळी चाळीस पानांवर सोडून दिला होता. नावांचा एक कागद हाताने लिहून भिंतीवर चिकटवला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. तुम्हीही तसंच करा.

दोन, तो त्याच्या काळाचा आहे. ती कापडं, तेव्हाची रेझिनं आणि तेव्हाची बनवायची पद्धत. आज कापडाची शिवण, जुडग्यांची जाडी, तंतूंवरचा लेप, सगळं बदललंय. म्हणून त्यातला आकडा उचलून आजच्या कापडाच्या शेजारी ठेवणं चूक आहे. उचलायचा तो प्रश्न आणि मांडणी.

तीन, बहुतेक चाचण्या सपाट तुकड्यांवरच्या. खरं पातं सपाट नसतं. त्यात थर कमी होत जातात, जोड असतात, वळणं असतात. अशा तपशिलांनी ताकद किती घटते याचा विचार रिपोर्टमध्ये आहे, पण तो प्राथमिक असल्याचं लेखकच सांगतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

चार, कारणमीमांसा. भेगा कुठून सुरू होतात याबद्दलचं त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी तुटलेल्या तुकड्यांवरून बांधलेलं आहे. पत्रा न कापता आत बघायची सोय नंतर आली. डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या रिसो परिसरातल्या संशोधकांनी पुढे एक्स-रे टोमोग्राफीने शिवलेल्या युनिडिरेक्शनल कापडाच्या पोटात डोकावून पाहिलं. या कापडाला धरून ठेवायला मागच्या बाजूला थोडे आडवे-तिरके जुडगे असतात. भार सोसण्यात त्यांचा वाटा नगण्य. पण आधी भेगा पडतात त्या यांच्यात, आणि जिथे ते मुख्य जुडग्याला टेकतात तिथूनच मुख्य तंतू तुटायला लागतात. ज्यांनी कापड सांभाळायचं, तेच घात करतात. मँडेल यांच्या गटाने ज्या दिशेला बोट दाखवलं होतं, त्या दिशेचा पुरावा असा मागाहून, चित्रासकट आला.

एक गोष्ट मात्र खास दाद देण्याजोगी. पात्याला आयुष्यभरात दहा कोटी किंवा त्याहून जास्त फेरे सोसायचे असतात. सेकंदाला दहा फेऱ्यांनी एक तुकडा तपासायचा म्हटलं तरी जवळपास चार महिने. वेग वाढवला तर तुकडा तापतो आणि निकाल बिघडतो. त्यांनी तुकडाच इवलासा केला, म्हणजे उष्णता चटकन बाहेर पडेल, आणि सेकंदाला १०० फेऱ्यांपर्यंत गेले. चार महिन्यांचे बारा दिवस! नवं मशीन घेण्याआधी तुकड्याचा आकार बदलून बघणं, हे आपल्यासारख्या तुटपुंज्या निधीवाल्यांनी शिकण्यासारखं आहे. अर्थात इवल्या तुकड्यात कापडाची शिवण, टाके, जुडग्यांची मांडणी हे सगळं मावत नाही, म्हणजे तो तंतू-रेझिनबद्दल बोलतो, अख्ख्या कापडाबद्दल नाही. सोय आणि मर्यादा एकाच पुडीत येतात.

मग तुम्ही काय करायचं?

पेपर हातात आला की सारांश सोडून आधी तक्ते बघा. प्रत्येक थराची दिशा आणि वजन दिलंय का? शिवण कोणती, धागा कोणता? युरोपात २००१ मध्ये बहुदिश कापडांसाठी ईएन १३४७३ हे मानक आलं, ते याच गोष्टी नीट लिहायला सांगतं. नुसतं "ट्रायअ‍ॅक्सियल ग्लास फॅब्रिक" लिहून मोकळा होणारा पेपर म्हणजे रेसिपीत "थोडे मसाले" लिहिण्यासारखा. मग जाडी शोधा, तंतू-प्रमाण स्वतः काढा, आणि लेखकाच्या आकड्याशी जुळतंय का बघा. जुळत नसेल तर आनंद माना, तुम्हाला प्रश्न सापडलाय. मग ताकदीला जाडीने गुणून एकक रुंदीचा भार काढा आणि "सुधारणा" किती उरते ते बघा. आणि शेवटी विचारा, हे कापड ज्या कामाला वापरणार, त्या कामासारखी चाचणी घेतलीये का?

हे सगळं करायला लॅब लागत नाही. वही, कॅल्क्युलेटर आणि एक संध्याकाळ पुरते. प्रवेशाच्या मुलाखतीत "लिटरेचर रिव्ह्यू केला का?" असं विचारतात, तेव्हा हेच अपेक्षित असतं. कुणी काय म्हटलं याची यादी नव्हे, ते म्हणणं किती टिकतं याचा हिशेब.

माझा तो पेपर मी पाठवला नाही. त्यासाठी गेलेले सात महिने परत मिळाले नाहीत, आणि त्या वर्षीच्या प्रगती अहवालात माझ्या नावापुढे "प्रकाशन: निरंक" असं लिहिलं गेलं. तेव्हा फार लागलं होतं. पण तो पेपर छापून आला असता, तर या ज्युनियरने सात नाही, आठ पेपर वाचून आठव्यांदा तेच ऐकलं असतं, आणि त्या आठव्यावर माझं नाव असतं.

त्याने त्या सात पेपरांची जाडी शोधायला घेतलीये. काल दुपारी चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "ताई, दोघांनीच दिलीये." चेहरा पडलेला होता. मी म्हटलं, "मग उरलेल्या पाचांत तुझा विषय आहे."

त्याला अजून पटलेलं नाही. बघू.